हृदयविकाराचा प्रतिबंध आणि आहार : वर्ज्य पदार्थांकडून पर्यायी पदार्थांकडे

गोषवारा

हृदयविकार टाळण्यासाठी आहाराचा विचार करताना सामान्यतः वर्ज्य पदार्थांची यादी पुढे केली जाते. तूप सोडावे, अंडे टाळावे, मीठ कमी करावे असे सल्ले दिले जातात. ताटातून एखादा पदार्थ कमी झाला की त्याची जागा दुसरा कोणता तरी पदार्थ घेतो, ही साधी बाब मात्र दुर्लक्षित राहते. गेल्या सात दशकांतील प्रमुख अभ्यासांच्या आधारे प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, आहारातील बदलाचा हृदयावर होणारा परिणाम हा काढून टाकलेल्या पदार्थाइतकाच त्याच्या जागी आलेल्या पदार्थावर अवलंबून असतो. मेद, वनस्पती तूप, मीठ व कर्बोदके या चार घटकांच्या अनुषंगाने हे विवेचन केले असून, त्यातून महाराष्ट्रातील घरगुती व महाविद्यालयीन आहारासाठी निघणारे निष्कर्ष शेवटी मांडले आहेत.

बीजशब्द : हृदयविकार, प्रतिबंध, मेदाम्ले, ट्रान्स मेद, मीठ, कर्बोदके, महाराष्ट्रीय आहार.

१. प्रस्तावना

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२२ या वर्षात जगभरात सुमारे १ कोटी ९८ लाख व्यक्ती हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्युमुखी पडल्या. एकूण मृत्यूंमध्ये हे प्रमाण सुमारे ३२ टक्के होते. भारतात १९९० मध्ये एकूण मृत्यूंपैकी सुमारे १५ टक्के मृत्यू या विकारांमुळे होत असत. २०१६ पर्यंत हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर पोहोचले. पूर्वी संपन्न देशांचा व संपन्न वर्गाचा समजला जाणारा हा आजार आता भारतातील सर्व स्तरांत आढळतो.

भारतीयांच्या बाबतीत याहून चिंतेची बाब म्हणजे रोग होण्याचे वय. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. या अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांचे २००७ मध्ये जे स्वतंत्र विश्लेषण झाले, त्यात पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचे मध्यक वय ५३ वर्षे आढळले. इतर देशांत ते सुमारे ५९ वर्षे होते. याचा अर्थ असा की, अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांपैकी निम्म्या रुग्णांना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंतच झटका आला होता. या वयात नोकरीची काही वर्षे शिल्लक असतात, मुलांचे शिक्षण पुरे झालेले नसते आणि घराचे कर्जही बहुधा फिटलेले नसते. त्यामुळे हा आजार एका व्यक्तीपुरता न राहता संपूर्ण कुटुंबाची घडी विस्कटून टाकतो.

'इंटरहार्ट' अभ्यासाने एक आशादायक बाबही समोर आणली. पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका नऊ बदलता येण्याजोग्या घटकांशी निगडित असल्याचे त्यात दिसून आले. रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे व भाज्यांचे सेवन, मद्यपान आणि शारीरिक हालचाल हे ते घटक होत. यांपैकी फळे व भाज्यांचे सेवन हा प्रत्यक्ष आहाराचाच घटक आहे. मेद, रक्तदाब, मधुमेह व पोटाचा घेर या चार घटकांचाही आहाराशी निकटचा संबंध आहे. म्हणूनच प्रतिबंधाच्या विचारात आहाराला मध्यवर्ती स्थान द्यावे लागते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(अ) आहाराचा हृदयविकारावर परिणाम कोणत्या प्रक्रियांद्वारे होतो, हे स्पष्ट करणे.
(आ) प्रमुख अभ्यासांच्या आधारे आहारातील पर्यायांचे महत्त्व तपासणे.
(इ) महाराष्ट्रातील आहारासाठी व महाविद्यालयीन परिसरासाठी व्यवहार्य बदल सुचविणे.

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो दुय्यम साधनसामग्रीवर, म्हणजे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांवर व शासकीय मार्गदर्शक सूचनांवर आधारलेला आहे.

३. आहार आणि रोहिण्यांतील प्रक्रिया

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या आतील थराखाली मेदयुक्त पदार्थाचा संचय होणे, ही बहुतेक हृदयविकारांची सुरुवात असते. रक्तातील कमी घनतेचे मेदप्रथिन, म्हणजेच व्यवहारात 'वाईट' म्हटले जाणारे एल.डी.एल. कोलेस्टेरॉल, रोहिणीच्या भिंतीत शिरते. तेथे दाह निर्माण होतो आणि कालांतराने थर साचत जातो. हा थर फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते व रक्तप्रवाह अडतो. यालाच हृदयविकाराचा झटका असे म्हणतात. झटका क्षणात येत असला तरी त्याची तयारी कित्येक वर्षे चाललेली असते. कोरियन युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. या सैनिकांचे सरासरी वय अवघे २२ वर्षे होते; तरीही त्यांच्यापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयाच्या रोहिण्यांत या विकाराच्या खुणा आढळल्या. महाविद्यालयाच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या वयातच ही प्रक्रिया सुरू झालेली असू शकते, हे यावरून ध्यानात येते.

आहार या प्रक्रियेवर चार मार्गांनी परिणाम करतो. पहिला मार्ग यकृतातून जातो. रक्तातील एल.डी.एल. कण उचलून घेणारे ग्राहक यकृताच्या पेशींवर असतात. एल.डी.एल. ग्राहक व कोलेस्टेरॉलचे शरीरातील नियमन यांविषयीच्या संशोधनासाठी मायकेल ब्राऊन व जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संपृक्त मेदाम्लांचे सेवन वाढले की या ग्राहकांचे कार्य मंदावते आणि रक्तात एल.डी.एल. साचते, असंपृक्त मेदाम्लांचा परिणाम याच्या उलट असतो. दुसरा मार्ग तंतुमय पदार्थांचा आहे. डाळी, ओट, मेथीदाणे व फळे यांतील विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतात व शरीराबाहेर नेतात. नवी पित्ताम्ले तयार करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते आणि त्याचे प्रमाण घटते. तिसरा मार्ग कर्बोदकांचा आहे. गरजेपेक्षा अधिक घेतलेल्या साखरेचे व पिष्टमय पदार्थांचे यकृतात मेदात रूपांतर होते. रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढते आणि संरक्षक एच.डी.एल. कमी होते. चौथा मार्ग रक्तदाबाचा असून त्यात सोडियम व पोटॅशियम यांच्या परस्परप्रमाणाला महत्त्व आहे.

हे चारही मार्ग एकाच ताटातून निघतात. त्यामुळे एका मार्गावरील सुधारणा दुसऱ्या मार्गावरील बिघाडाने निष्फळ ठरू शकते.

४. मेद : प्रमाण आणि प्रकार

आहारातील मेद व हृदयविकार यांच्या संबंधाचा व्यापक अभ्यास ॲन्सेल कीज यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये सुरू झाला. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस व जपान या सात देशांतील ४० ते ५९ वयोगटातील सुमारे १२,७०० पुरुषांचा त्यात समावेश होता. देशांची निवड, स्त्रियांचा अभाव आणि अभ्यासाचे निरीक्षणात्मक स्वरूप यांमुळे या अभ्यासावर टीकाही झाली. तथापि त्यातील एक तुलना आजही बोधप्रद आहे. पूर्व फिनलंड आणि ग्रीसमधील क्रीट बेट या दोन्ही ठिकाणी एकूण उष्मांकांपैकी सुमारे ४० टक्के उष्मांक मेदातून मिळत होते. फिनलंडमध्ये हा मेद मुख्यतः लोणी व सायीच्या दुधातून येत होता, तर क्रीटमध्ये ऑलिव्हच्या तेलातून. फिनलंडमध्ये हृदयविकाराचे प्रमाण अतिशय जास्त होते आणि क्रीटमध्ये अत्यल्प. मेदाचे प्रमाण सारखे असूनही प्रकार वेगळा असल्यास चित्र बदलते, असा संकेत यातून मिळाला.

याच पूर्व फिनलंडमधील नॉर्थ कॅरेलिया प्रांतात १९७२ मध्ये पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली प्रतिबंधात्मक प्रकल्प सुरू झाला. लोकांना लोणी सोडण्याचा नुसता उपदेश करून कार्यकर्ते थांबले नाहीत. पावाला लावण्यासाठी वनस्पती तेलापासून केलेले पदार्थ, कमी सायीचे दूध, कमी मिठाचे खाद्यपदार्थ बाजारात उपलब्ध होतील असे प्रयत्न झाले. दुग्धव्यवसाय हा त्या भागाचा आर्थिक कणा असल्याने शेतकऱ्यांना बेरी या फळांच्या लागवडीकडे वळण्यास साहाय्य करण्यात आले. धूम्रपानाविरुद्धही मोहीम राबविली गेली. सुमारे चार दशकांत तेथील काम करण्याच्या वयातील पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटले. या यशाचे श्रेय केवळ आहाराला देता येणार नाही. मात्र कोलेस्टेरॉलची घट हा त्यातील प्रमुख घटक होता.

याच्या उलट अनुभव अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या प्रयोगात आला. रजोनिवृत्त झालेल्या ४८,८३५ स्त्रियांपैकी एका गटाला एकूण मेद कमी करण्यास व भाज्या, फळे आणि धान्ये वाढविण्यास सांगण्यात आले. सरासरी आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन्ही गटांतील हृदयविकाराच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. या प्रयोगात मेदाचा प्रकार बदलण्यावर भर नव्हता. एकूण प्रमाण कमी करण्यावर होता.

स्पेनमधील 'प्रेडिमेड' प्रयोगात मेद कमी न करता बदलण्यात आला. धोका अधिक असलेल्या ७,४४७ व्यक्तींपैकी दोन गटांना भूमध्यसागरी आहारासोबत अनुक्रमे ऑलिव्ह तेल व कवचफळे देण्यात आली. तिसऱ्या गटाला मेद कमी करण्याचा सल्ला दिला गेला. पहिल्या दोन गटांत हृदयविकार, पक्षाघात व तज्जन्य मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा शोधनिबंध सहभागी व्यक्तींच्या गटवाटपातील त्रुटींमुळे मागे घेण्यात आला व २०१८ मध्ये फेरविश्लेषणासह पुन्हा प्रसिद्ध झाला. निष्कर्षाची दिशा कायम राहिली.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेऊन याच दिशेचा निष्कर्ष काढला. संपृक्त मेदाच्या जागी बहु-असंपृक्त मेद आल्यास हृदयविकाराचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. तीच जागा मैदा व साखर यांसारख्या शुद्धीकृत कर्बोदकांनी घेतल्यास लाभ होत नाही. याबाबत पूर्ण एकमत आहे असे मात्र नाही. १९६८ ते १९७३ या काळात झालेल्या मिनेसोटा येथील प्रयोगाचे २०१६ मध्ये फेरविश्लेषण झाले. त्यात मक्याच्या तेलाने कोलेस्टेरॉल घटले, पण मृत्यू घटले नाहीत. कोलेस्टेरॉलचा एक आकडा कमी होणे व आयुष्य वाढणे यांना सरसकट समान मानता येत नाही, ही जाणीव या अभ्यासाने दिली.

५. वनस्पती तुपाचा धडा

अयोग्य पर्यायाचे परिणाम किती दूरगामी असतात, याचे भारतीय उदाहरण म्हणजे वनस्पती तूप. वनस्पती तेलात निकेल या धातूच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडला की ते तुपासारखे घट्ट व रवाळ होते. 'डालडा' हे उत्पादन १९३७ मध्ये भारतीय बाजारात आले आणि पुढे त्याचे नाव हीच या पदार्थाची ओळख बनली. साजूक तुपापेक्षा स्वस्त, टिकाऊ आणि 'वनस्पतीपासून बनलेले' असल्याने मध्यमवर्गीय घरांत, हलवायांच्या दुकानांत आणि बेकऱ्यांमध्ये त्याला सहज स्थान मिळाले. खारी, नानकटाई, बिस्किटे, बालुशाही यांत ते सर्रास वापरले जाऊ लागले.

तेल घट्ट करण्याच्या या प्रक्रियेत ट्रान्स मेदाम्ले निर्माण होतात. मेन्सिंक व कटान या डच संशोधकांनी १९९० मध्ये दाखवून दिले की, ट्रान्स मेदामुळे एल.डी.एल. वाढते आणि त्याच वेळी एच.डी.एल. कमी होते. संपृक्त मेदातही आढळत नाही असा हा दुहेरी दोष होता. एकूण उष्मांकांपैकी केवळ २ टक्के उष्मांक ट्रान्स मेदातून घेतल्यास हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात नमूद आहे. तूप हृदयाला घातक म्हणून ज्या घरांनी डालडा स्वीकारला, त्यांनी कमी धोक्याच्या जागी अधिक धोका पत्करला होता.

जागतिक आरोग्य संघटनेने औद्योगिक ट्रान्स मेद २०२३ पर्यंत जगातून हद्दपार करण्याचे आवाहन २०१८ मध्ये केले. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेले व मेद यांतील ट्रान्स मेदाची मर्यादा टप्प्याटप्प्याने कमी करीत जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. हा निश्चितच स्वागतार्ह बदल आहे. परंतु येथेही पर्यायाचा प्रश्न उरतोच. बेकरी व फरसाण उद्योगात पामतेलाचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो आणि त्यात संपृक्त मेदाचे प्रमाण सुमारे निम्मे असते. ट्रान्स मेदापेक्षा ते कमी हानिकारक असले तरी शेंगदाणा, करडई, सूर्यफूल वा मोहरीच्या तेलाची बरोबरी ते करू शकत नाही. पिशवीवरील 'कोलेस्टेरॉलमुक्त' हा शब्दही फसवा आहे. कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असते; ग्राहकाने संपृक्त व ट्रान्स मेदाचे आकडे पाहणे आवश्यक आहे.

६. मीठ : घट आणि अदलाबदल

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सुमारे एका चमच्यापेक्षा, कमी मीठ घ्यावे. भारतातील राष्ट्रीय पातळीवरील सर्वेक्षणात हे प्रमाण सरासरी सुमारे ८ ग्रॅम आढळले आहे. पाश्चात्त्य देशांत बहुतांश मीठ कारखान्यात तयार झालेल्या खाद्यपदार्थांतून पोटात जाते. भारतात मात्र त्याचा मोठा वाटा घरच्या स्वयंपाकात घातलेल्या मिठाचा असतो. त्यात लोणचे, पापड, सांडगे, फरसाण आणि किनारपट्टीवर सुकट व खारवलेले मासे यांची भर पडते. म्हणजेच भारतात या समस्येचे उत्तर बऱ्याच अंशी घरातच सापडू शकते.

मीठ कमी करण्याबरोबरच आहारात पोटॅशियम वाढविणे हा दुसरा उपाय आहे. अमेरिकेतील 'डॅश' प्रयोगात ४५९ प्रौढांच्या आहारात फळे, भाज्या व कमी मेदाचे दुग्धपदार्थ वाढविण्यात आले. मिठाचे प्रमाण सर्व गटांत सारखे ठेवण्यात आले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तींचा वरचा रक्तदाब सुमारे ११ अंकांनी उतरला. मीठ तेवढेच असताना ताटात भर पडलेल्या पदार्थांनी हा परिणाम साधला.

याहून थेट पुरावा चीनच्या ग्रामीण भागातून आला. ६०० गावांतील २०,९९५ व्यक्तींवर हा प्रयोग झाला. त्यांना एकतर पूर्वी पक्षाघात झालेला होता किंवा त्या साठीच्या पुढच्या असून त्यांना उच्च रक्तदाब होता. निम्म्या गावांना नेहमीचे मीठ, तर उरलेल्या गावांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड व २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ देण्यात आले. सुमारे पाच वर्षांनंतर, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पर्यायी मीठ वापरणाऱ्या गटात पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यूंचे प्रमाण १२ टक्क्यांनी कमी आढळले. जेवण तेच आणि चवही जवळपास तीच असताना केवळ मिठाच्या डब्यातील घटक बदलल्याने हा फरक पडला. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घरगुती वापरासाठी अशा मिठाची सशर्त शिफारस केली. ही शिफारस लहान मुले, गर्भवती स्त्रिया व मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्ती यांना लागू नाही. पोटॅशियम वाढविणारी औषधे घेणाऱ्यांनीही वैद्यकीय सल्ल्याशिवाय असे मीठ वापरणे धोक्याचे आहे.

७. कर्बोदके आणि भारतीय शरीर

'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण पर्यायाच्या प्रश्नाचे नेमके वर्णन करते. उपवासाला धान्य वर्ज्य केले जाते. त्याच्या जागी साबुदाणा, बटाटा व तळलेले वेफर्स येतात. साबुदाणा जवळपास शुद्ध पिष्ट असल्याने पोटात जाणाऱ्या कर्बोदकांचा भार कमी होण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता अधिक. तेच राजगिरा, वरी, दही, शेंगदाणे व फळे यांवर भर दिल्यास उपवासही पाळला जातो आणि पोषणही साधते. दैनंदिन आहारात तेल-तुपाचा धसका घेऊन 'कोरडे' म्हणून खाल्ले जाणारे टोस्ट, मारी बिस्किटे व चुरमुरे यांच्या बाबतीतही हेच घडते.

भारतीयांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो, याचे कारण पुण्यातील संशोधनातून स्पष्ट झाले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गर्भवती मातांचा आहार व त्यांच्या अपत्यांची वाढ यांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम होते. वजन, स्नायू व पोटाचा घेर या सर्वांत कमी असूनही पुण्याच्या बालकांच्या त्वचेखालील मेद मात्र तुलनेने टिकून होता. दिसायला कृश पण मेदाने स्थूल, असे या शरीराचे वर्णन केले गेले. याज्ञिक व त्यांचे इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही उंची-वजन निर्देशांक २२.३ होता, शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के होता. वजनकाट्यावर निर्धास्त दिसणारा भारतीय प्रत्यक्षात निर्धास्त असतोच असे नाही.

भारतीयांच्या ताटात अशा शरीराला न मानवणारा कर्बोदकांचा भार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी आहार अभ्यासात एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येत असल्याचे आढळले. त्यांपैकी ५ टक्के उष्मांकांची जागा डाळी वा दुग्धपदार्थांतील प्रथिनांनी घेतल्यास मधुमेहाचा धोका कमी असल्याचे त्यात दिसून आले. याच अभ्यासातील दुसरे निरीक्षण अधिक विचारप्रवर्तक आहे. पांढऱ्या भाताऐवजी गव्हाचे वा भरडधान्याचे पीठ घेतले, पण एकूण प्रमाण कमी केले नाही, तर हा लाभ दिसला नाही. भाताच्या जागी चार भाकरी खाणे पुरेसे नाही. एक भाकरी कमी करून वाटीभर उसळ वाढविणे आवश्यक आहे.

केवळ शाकाहार म्हणजे हृदयाचे संरक्षण, हा समजही तपासून घ्यावा लागतो. पुण्याच्या अभ्यासात ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांमध्ये वयाच्या सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला. शाकाहारी व्यक्तीला हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध व दुग्धपदार्थांतून मिळते. म्हणजेच हृदयविकाराच्या प्रतिबंधाची सुरुवात पुढील पिढीच्या बाबतीत आईच्या ताटापासून होते.

८. महाराष्ट्रीय ताट आणि महाविद्यालय

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार २०१७ या वर्षातील सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू सदोष आहाराशी निगडित होते. त्यांत जास्त मीठ, अपुरे अखंड धान्य आणि अपुरी फळे ही तीन प्रमुख कारणे होती. तीनपैकी दोन कारणे कमतरतेची आहेत, हे विसरता येत नाही.

ही कमतरता भरून काढण्याचे साहित्य महाराष्ट्रीय स्वयंपाकघराला नवे नाही. जवसाच्या तेलात ओमेगा-३ गटातील अल्फा-लिनोलेनिक आम्लाचे प्रमाण निम्म्याहून अधिक असते. जवसाची चटणी विदर्भ व मराठवाड्यात पूर्वापार केली जाते. करडईच्या तेलात बहु-असंपृक्त लिनोलिक आम्ल विपुल असते. मटकी, मूग, हरभरा, चवळी यांच्या उसळी, पिठले, पालेभाजीची पातळ भाजी, कोकणात व गोव्यात बांगडा व तारली हे मासे यांचा या संदर्भात उल्लेख करता येईल. ऑलिव्ह तेलावर झालेल्या प्रयोगाइतका भक्कम पुरावा या प्रत्येक पदार्थासाठी उपलब्ध नाही. परंतु त्यांतील पोषकद्रव्ये त्याच स्वरूपाची आहेत आणि किंमत आवाक्यातील आहे. चटणीतील मीठ व फोडणीतील तेल यांवर मात्र लक्ष ठेवावे लागेल.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारलेल्या आहार मार्गदर्शक सूचनांत दिवसाच्या २००० उष्मांकांच्या ताटात सुमारे २५० ग्रॅम धान्ये, ८५ ग्रॅम डाळी अथवा त्याऐवजी अंडी-मांस, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३५ ग्रॅम कवचफळे व तेलबिया, ३०० मिलिलिटर दूध वा दही आणि सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप सुचविले आहे. धान्य, डाळी व तेलबियांची वजने कच्च्या, न शिजविलेल्या पदार्थांची आहेत. आठवड्यातील एका दिवसाचे ताट या आकड्यांशी ताडून पाहिल्यास बहुतेक घरांत डाळी व भाज्यांची बाजू हलकी आढळेल.

पर्यायांचा हा विचार पुढीलप्रमाणे मांडता येईल :
(१) वनस्पती तूप : पामतेलाने ही जागा न भरता शेंगदाणा, करडई, सूर्यफूल वा मोहरीचे तेल मर्यादेत वापरावे.
(२) दुधातील साय व जास्तीचे तूप : त्याऐवजी बिस्किटे वाढवू नयेत, शेंगदाणे, जवस, तीळ यांना स्थान द्यावे.
(३) भात-पोळीचा मोठा वाटा : भरडधान्याची भाकरी तेवढीच न खाता वाटीभर उसळ वा डाळ आणि भाजी वाढवावी.
(४) मीठ : लोणचे-पापडाऐवजी लिंबू, कोकम, ताक, कोथिंबीर यांनी चव आणावी, वैद्यकीय अडचण नसल्यास पोटॅशियमयुक्त मिठाचा विचार करावा.

महाविद्यालयाच्या पातळीवरही काही बदल अल्प खर्चात शक्य आहेत. तळणीचे तेल वारंवार तापवल्याने त्यात हानिकारक संयुगे वाढतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून अशा तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरविली आहे. उपाहारगृहाच्या करारात या नियमाचा उल्लेख करणे व रसायनशास्त्र वा गृहविज्ञान विभागामार्फत तेलाची नियमित तपासणी करणे शक्य आहे. बैठकीतील बिस्किटांच्या जागी फुटाणे, शेंगदाणे वा केळी ठेवता येतात. वसतिगृहाच्या भोजनालयात दररोज एक उसळ अनिवार्य करता येते. कोरियन युद्धातील सैनिकांच्या वयाचेच विद्यार्थी तेथे जेवत असतात.

९. मर्यादा

आहारविषयक अभ्यासांपैकी अनेक निरीक्षणात्मक असतात. लोक सांगतात ते आणि प्रत्यक्ष खातात ते यांत अंतर असू शकते. दीर्घकालीन प्रयोग मुख्यतः युरोप व अमेरिकेत झाले आहेत. आहार हा धूम्रपानत्याग, व्यायाम, पुरेशी झोप व वैद्यकीय उपचार यांची जागा घेऊ शकत नाही. रक्तदाब, मधुमेह वा कोलेस्टेरॉलची औषधे आहार सुधारला म्हणून परस्पर बंद करणे घातक ठरू शकते.

१०. निष्कर्ष

(१) हृदयविकाराची प्रक्रिया तरुणपणीच सुरू होत असल्याने आहारातील सुधारणा निदान होईपर्यंत लांबणीवर टाकता येत नाही.
(२) एकूण मेद कमी करण्यापेक्षा मेदाचा प्रकार बदलणे अधिक परिणामकारक दिसते.
(३) वनस्पती तुपाच्या उदाहरणावरून, अयोग्य पर्याय मूळ पदार्थापेक्षाही घातक ठरू शकतो हे सिद्ध होते.
(४) भारतीयांच्या संदर्भात कर्बोदकांचा काही वाटा डाळी व दुग्धपदार्थांनी घेणे आणि मीठ कमी करणे या दोन बाबींना अग्रक्रम द्यावा लागेल.
(५) व्यक्तीच्या निश्चयाला कायदा, बाजार व संस्था यांची साथ मिळाली तरच बदल टिकतो, हे नॉर्थ कॅरेलिया व ट्रान्स मेदाच्या नियमनावरून दिसते.

आहारसल्ला देताना 'हे खाऊ नका' असे सांगून थांबणे म्हणजे अर्धाच सल्ला देणे होय. ताटातील रिकामी झालेली जागा कशाने भरायची, हे सांगितल्यावरच तो पूर्ण होतो. ही जागा भरण्याचे साहित्य सर्वसामान्य मराठी घराच्या आवाक्यात आहे. ते पुन्हा ताटात आणणे हेच हृदयविकार प्रतिबंधाच्या दिशेने टाकलेले सर्वांत व्यवहार्य पाऊल ठरेल.